उंच ग्लासवाले काका

काकांच्या शोकसभेत त्यांचा पुतण्या माईकवर म्हणाला, "काकांनी परदेशात हॉटेल व्यवसायात अत्यंत उच्च पदावर काम केलं." पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना हलवल्या. मग एक निवृत्त अधिकारी उठले. ते काकांच्या शिस्तीबद्दल बोलले, इस्त्रीच्या कपड्यांबद्दल बोलले, इंग्रजीबद्दल बोलले. ते उच्च पद नेमकं कोणतं, हे मात्र कोणी बोलेना. मी मागून उठून म्हणाले, मला दोन शब्द सांगायचे आहेत. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं, माईकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "ताई, वेळ संपला आता."

वेळ संपला नव्हता. चहासुद्धा यायचा होता.

त्याला भीती होती की मी खरं बोलेन. बोललेच असते. म्हणून आता लिहिते. कागदावर कोणी हात ठेवू शकत नाही. काका बारमन होते. आधी जहाजावर आणि मग आयर्लंडमधल्या कॉर्क नावाच्या बंदरात, एका हॉटेलात. म्हातारपणी ते तेलंगणातल्या आपल्या गावी, आदिलाबादेत परतले. आयुष्यभर त्यांनी लोकांचे ग्लास भरले. आदिलाबादेत त्यांच्यासारखा ग्लास भरणारा दुसरा झाला नाही, आणि त्यांना चालेल असा सोडा भरणारी माझ्याशिवाय दुसरी झाली नाही. या दोन्ही गोष्टी मी मान वर करून सांगते.

माझा त्यांच्यावर रागही आहे. तोही सांगणार आहे. मेलेल्या माणसाबद्दल फक्त गोडच बोलायचं असेल तर ते काम पुतण्यानं केलेलंच आहे.

मी जैनथकडच्या एका गावची. पेनगंगा आमच्या शेतापासून हाकेवर. लग्न होऊन आदिलाबादेत आले तेव्हा नवरा दुसऱ्याचा ट्रॉली ऑटो चालवायचा. मी बसस्टँडजवळ गोळी सोड्याची गाडी लावली. दुसऱ्यानं भरलेला सोडा विकता विकता कळलं की खरी कमाई विकण्यात नाही, भरण्यात आहे. मग नागपूरहून एक जुनं, हातानं फिरवायचं यंत्र आणलं. यंत्र आलं, पण पाणी मिळेना. सोडा म्हणजे शेवटी पाणीच, आणि आमच्या वस्तीतल्या बोअरच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नव्हती. कोणीतरी सांगितलं की जुन्या वस्तीत एका म्हाताऱ्याच्या परसात गोड्या पाण्याची विहीर आहे, शेजारी पत्र्याची शेड रिकामी पडली आहे, पण माणूस विचित्र आहे, देणार नाही.

देणार नाही म्हटलं की माझे पाय त्या दिशेनं चालू लागतात.

दारात काका उभे होते. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट असा कडक की वाकले तर मोडेल. मी शेडचं बोलले. ते म्हणाले, "काय बनवता ते दाखवा." नमुन्याची बाटली मी नेलीच होती. अंगठा लावून बाटलीच्या गळ्यातली काचेची गोळी आत दाबली. फट्ट! पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. फेस माझ्या मनगटापर्यंत आला. आमच्याकडे सोड्याची परीक्षा हीच. बसस्टँडवरचं गिऱ्हाईक पाठ करून उभं असलं तरी आवाज ऐकून म्हणतं, हां, गॅस आहे. फेस जास्त यावा म्हणून सगळेच बाटलीत चिमूटभर मीठ टाकतात. मीही टाकायची.

काकांनी बाटली हातात घेतलीच नाही. म्हणाले, "बाई, हा आवाज कशाचा झाला?"

"गॅसचा."

"तो गॅस कुठं गेला?"

"हवेत गेला."

"मग बाटलीत काय उरलं?"

माझं डोकं तापलं. "काका, शेड द्याची नसंन तर सरळ नाही म्हना. माझ्या सोड्याले नावं काऊन ठेवून राह्यले?"

"शेड देतो," ते शांतपणे म्हणाले. "पण रोज संध्याकाळी एक बाटली माझ्यासाठी, माझ्या पद्धतीनं भरायची. मीठ नाही. पाणी आधी गार करायचं, मग गॅस. उघडताना आवाज झाला तर बाटली परत."

मी आजपर्यंत कोणाची अट तशीच्या तशी घेतलेली नाही. समोरच्यानं एक टाकली की आपली एक टाकायची, नाहीतर तो पुढच्या वेळी दोन टाकतो. मी म्हणाले, "मंजूर. पन माझ्या बजारच्या बाटलीत तुमी तोंड घालाचं नाही. आन् तुमची पद्धत तुमी सोता शेडमंदी उभं राहून शिकवाची. मी अंदाज लावत बसनार नाही." काका थोडं हसले. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं. ते दोघांनाही आवडलं नाही, म्हणजे बरोबरच ठरलं असावं.

काका रोज शेडमध्ये येत, पाठीमागे हात बांधून उभे राहत आणि बाटली उघडायला सांगत. आवाज झाला की "परत" म्हणून निघून जात. शिव्या माझ्या ओठावर यायच्या. गार पाण्यात गॅस मुरतो आणि कोमट पाण्यातून तो पळायला बघतो, हे मला यंत्रवाल्यानं कधी सांगितलं नव्हतं. मी विहिरीचं पाणी स्टीलच्या पिंपात भरून पिंपाभोवती कारखान्याचा बर्फ रचायला लागले. बाटल्याही बर्फात ठेवायला लागले. एका संध्याकाळी गोळी दाबली तर झोपेत मूल सुस्कारा टाकतं तेवढाच आवाज आला. फेस नाही. नुसते बारीक बुडबुडे, तळापासून वर, एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. काकांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "चालेल."

मला वाटलं, ही सुरुवात आहे. ते त्यांचं सर्वात मोठं कौतुक होतं, हे पुढे कळलं.

ही बाटली कशासाठी लागते, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काकांकडे कोणी पाहुणा येणार आहे. यंत्र बंद झालं की ते अंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत, गळ्याला काळी टाय बांधत आणि स्वैपाकघराच्या ओट्यामागे जाऊन उभे राहत. ओटा त्यांनी भिंतीला न लावता खोलीच्या मधोमध बांधून घेतला होता. तिथं उभं राहून ते एक ग्लास तयार करत, घडी केलेल्या रुमालावर ठेवत, मग ओट्याला पूर्ण वळसा घालून अलीकडे येत, स्टुलावर बसत, एक घोट घेत आणि पलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणत, "थँक यू."

मी विचारलं, "काका, कोनाले म्हनता?"

"बारमनला."

"बारमन त तुमीच."

"आत्ता नाही. आत्ता मी गिऱ्हाईक आहे. ओट्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभा राहतो तो दारुडा होतो, बाई."

त्यांचा तो ग्लास एकच असे. दुसरा भरताना मी कधी पाहिलं नाही. पण त्या एका ग्लासाची तयारी सकाळपासून चाले. बर्फासाठी ते पाणी उकळून गार करत, स्टीलच्या डब्यात ओतत, डब्याभोवती जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळत आणि फक्त तोंड उघडं ठेवून तो फ्रीजरमध्ये ठेवत. म्हणजे गोठणं वरून खाली जातं, पाण्यातली हवा तळाशी ढकलली जाते, वरचा बर्फ काचेसारखा होतो. तळाचा पांढरा भाग ते सुरीनं तासून टाकत. ग्लास उंच, सरळ, अरुंद; तोही फ्रीजमध्ये गार केलेला. ग्लास काठोकाठ बर्फानं भरायचा. थोडा बर्फ टाकला तर तो लवकर विरघळतो, भरपूर टाकला तर टिकतो. हे ऐकून माझ्या नवऱ्याला काका वेडे वाटले. मला मात्र लगेच पटलं. बाजारात एकटं माणूसच आधी विरघळतं.

मग आयरिश व्हिस्की. मापात, आणि माप लहान. "दारू कमी, ग्लास उंच," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावरून आमच्या गल्लीत त्यांचं नाव उंच ग्लासवाले काका पडलं. मग माझा गार सोडा, ग्लासाच्या कडेनं, हळू. लांब दांड्याचा चमचा एकदा तळापर्यंत नेऊन वर उचलायचा, की झालं. शेवटी कागदी लिंबाच्या सालीची पातळ पट्टी ग्लासावर पिळायची, म्हणजे सालीतलं तेल वर तरंगतं.

"ढवळू नका," ते मला म्हणायचे, जरी मी ढवळत नसले तरी. "वरण नाही ते."

एकदा त्यांनी मोठ्या मनानं माझ्या नवऱ्यासाठी ग्लास बनवला. नवऱ्यानं तो एका दमात घशाखाली घातला, ओठ पुसले आणि विचारलं, "काका, चखना नाही काय?" काका पोळ्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

ते मला इतिहास सांगायचे तो असा की जणू आयर्लंड म्हणजे तलमडुगुच्या पलीकडचं गाव आहे आणि तिथं त्यांची भावकी राहते. एके काळी जगात सगळ्यात मोठं नाव आयरिश व्हिस्कीचं होतं. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तीनतीनदा गाळलेली, मऊ. मग त्यांच्याकडच्याच एका अबकारी अधिकाऱ्यानं न थांबता चालणारं नवं यंत्र काढलं. स्वस्तात भरपूर दारू. आयरिश मालकांनी ते यंत्र नाकारलं. स्कॉटलंडवाल्यांनी उचललं आणि पुढे गेले.

"अबकारीवाल्याचं कोन आयकते!" मी म्हणाले.

"ऐकायला हवं होतं," काका म्हणाले. "पण नाही ऐकलं, म्हणून चव राहिली. धंदा गेला." पुढे इंग्लंडशी भांडण झालं, तो बाजार बंद झाला. अमेरिकेत दारूबंदी आली, तोही बंद झाला. एकेक भट्टी विझत गेली, बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. हे सांगताना काकांचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा होई. आणि मग ते ताठ बसत. "पण आता परत उठलीय. हंडे तेच. माणसं नवी."

या उंच ग्लासातल्या पेयाचं नाव हायबॉल. ते कसं पडलं, यावर त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. आयर्लंडमध्ये व्हिस्कीच्या एका मापाला बॉल म्हणत, ते माप उंच ग्लासात गेलं म्हणून हायबॉल, ही त्यांची. दुसरी अमेरिकेची. तिथं रेल्वेच्या खांबावर गोळा वर चढवला की गाडीला मार्ग मोकळा, आणि ड्रायव्हरांची घाईची दारू ती ही. "रेल्वेवाल्यांना सगळंच आपलं वाटतं," काका म्हणत. मी विचारलं, मग खरं कोणतं? "खरं कोणालाच माहीत नाही, बाई. पण मी कॉर्कमध्ये नोकरी केली. मी माझ्या माणसांच्या बाजूनं बोलणार."

आल्याचा फसफसता गोड सोडा हासुद्धा तिकडच्याच बेलफास्ट गावातला, एका औषधवाल्यानं काढलेला. तो व्हिस्कीत घालतात तेव्हा हायबॉलला वेगळीच धार येते, असं काका म्हणाले. मी लगेच आलं उकळून पाक केला. काकांनी वास घेतला. "सर्दी झालीय का कोणाला?" मी पातेलं आपटलं. पुढच्या वेळी आलं उकळलंच नाही. किसून साखरेत आणि लिंबाच्या रसात मुरत ठेवलं, मलमलीतून गाळलं. पाक पारदर्शक झाला आणि तिखटपणा जिवंत राहिला. ही युक्ती काकांची नाही, माझी आहे. हेही कोणी सभेत सांगितलं नसतं.

लग्नात काकांना बोलावणं लोकांनी जवळजवळ बंद केलं होतं. ते पंगतीत बसले की पाण्याचा पेला उचलून आधी नाकाला लावत. "निरमा," म्हणत आणि ठेवून देत. एकदा वरपित्याच्या तोंडावर म्हणाले, "काल यात तूप होतं." बोलणं खरं असे, वेळ चुकीची असे. त्यांच्या घरचे त्यामुळे हैराण असत. निजामाच्या काळापासून त्या घरात वकील, पेशकार, कारकून. सगळे अर्ज आणि मोहोर यांतले लोक. त्यांत एक जण बारमन. पुतण्याच्या लग्नात काकांची ओळख करून देताना भावानं "हे परदेशात मॅनेजर होते" म्हटलं. काका म्हणाले, "मॅनेजर दुसरा होता. तो ऑफिसात बसायचा. मी बारमन." समोरचे पाहुणे हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

आता माझ्या रागाकडे येते.

नागपूर-हैदराबाद हायवेवर एक मोठं हॉटेल उभं राहिलं. मालक निर्मलकडचा तेलुगू माणूस. आम्ही त्याला सेठ म्हणायचो आणि त्याच्याशी हिंदीत बोलायचो. त्याला बारसाठी पेयांचं कार्ड करून हवं होतं, कोणीतरी काकांचं नाव सांगितलं. काकांनी ठरवलं, पहिलंच पेय आयरिश हायबॉल. साधा एक, आल्याचा एक. आता सोडा कोणाचा, हा प्रश्न होता. बसस्टँडवरच्या गाडीपासून मी जिथवर आले होते, तिथून पुढचा रस्ता त्या हॉटेलातून जात होता. ते काम मिळालं तर बाकीची हॉटेलं मला शोधत आली असती. नाही मिळालं तर मी गाडीवालीच राहिले असते, थोडी मोठी.

भर उन्हाळ्याची दुपार. बाजारच्याच पद्धतीनं भरलेला माझा क्रेट ऑटोतून गेला, आणि सेठच्या माणसानं आम्हाला व्हरांड्यात बसवून ठेवलं. क्रेटही उन्हातच. मी आत जाऊन त्या माणसाशी दराचं बोलायला लागले. मग बोलावणं आलं. समोर दोन सोडे. एक कंपनीचा, हॉटेलच्या फ्रीजमधला, आणि एक माझा. माझी बाटली उघडली. फट्ट! फेस उसळला. सेठ खुर्चीतून उठलाच. "वाह अम्मा! ये है सोडा! ये आवाज होना!"

सौदा झाला होता. तुम्ही कधी सौदा केला असेल तर तुम्हाला कळेल. समोरच्याच्या डोळ्यांत तो दिसतो. मी तोंड उघडणार, इतक्यात काकांनी दोन ग्लास बनवले आणि सेठला म्हणाले, "बैठिए. बात करिए. अभी मत पीजिए." सेठ बसला. बांधकामाबद्दल, परवान्याबद्दल बोलत राहिला. काही वेळानं काकांनी दोन्ही ग्लास त्याच्या पुढे सरकवले. कंपनीच्या ग्लासात बुडबुडे होते. माझ्या ग्लासात व्हिस्की घातलेलं पाणी होतं.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "ये मर गया."

"काका," मी म्हणाले, "बाटली कोनाची ते मालूम हाये न तुमाले?"

"माहीत आहे."

"मंग?"

"मेलेलं मेलेलंच, बाई."

परतताना ऑटोत पुढे नवरा, मागे परत आणलेल्या क्रेटशेजारी मी आणि काका. मी म्हणाले, "रोज तुमच्यासाठी वेगळी बाटली भरतो मी. आन् तुमी माझ्याच पोटावर पाय देल्ला."

"सेठ आज खूश झाला असता," काका म्हणाले. "त्याचं पहिलं गिऱ्हाईक झालं नसतं. मग त्यानं तुम्हाला काढलं असतं, आणि गावभर सांगितलं असतं."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं? क्रेट उनात हाये म्हनून एक शब्द बोलले असते त!"

"तुम्ही भाव ठरवत होता. मध्ये बोललेलं तुम्हाला चालत नाही."

"थांबवा ऑटो," मी नवऱ्याला ओरडून म्हणाले. "काका, उतरा खाली."

काका उतरले. शर्टाची बाही नीट केली आणि हायवेच्या कडेनं चालायला लागले. नवरा म्हणाला, "अवं, म्हातारा मानूस हाये, ऊन पाय." मी म्हणाले, "चाल हळू." मग काका पुढे आणि त्यांच्या मागे चालण्याच्या वेगानं आमचा ऑटो, अशी ती वरात निघाली. ट्रकवाले हॉर्न मारत होते. नवरा बाहेर डोकं काढून विनवत होता, "काका, बसा न!" काका समोर पाहून म्हणाले, "ज्यांनी उतरवलं त्यांनी सांगावं." मी सांगितलं नाही. अर्ध्या वाटेत ते स्वतःच चढले, आणि म्हणाले, "पायात खडा गेला." मला त्याचा पस्तावा नाही. सोड्याबद्दल ते बरोबर होते. माझ्याबद्दल चूक होते. आपल्या माणसाला चारचौघांत पाडण्याआधी कोपऱ्यात घेऊन सांगायचं असतं. हे त्यांना कॉर्कमध्ये कोणी शिकवलं नाही, आणि मी सांगितलं तर "चालेल"सुद्धा म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मीच सेठला फोन केला. "सेठ, एक बार और. पसंद नहीं आया तो तुमारे उद्घाटन का पूरा सोडा मेरे तरफ से." फुकटचं नाव काढलं की व्यापारी नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "सरे अम्मा, आओ." सरे म्हणजे ठीक आहे.

आता प्रश्न होता एका बाटलीचा नाही, क्रेटचा. रात्रीच बर्फाच्या लाद्या आणल्या. पहाटे विहिरीचं पाणी पिंपात गार केलं, मीठ शेडबाहेर ठेवलं, आणि प्रत्येक बाटली काकांची बाटली समजून भरली. नेताना क्रेट लाकडाच्या भुशात आणि बर्फात पुरला, वरून कापसाच्या बाजारातली जुनी बारदानं ओली करून टाकली. काकांना मी विचारलं नाही. ते ऑटोजवळ येऊन उभे राहिले, बारदान उचलून आत हात घातला, पाहिलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

हॉटेलात मी व्हरांड्यात थांबलेच नाही. सेठचा माणूस "बैठो अम्मा" म्हणत राहिला, मी क्रेट घेऊन सरळ आत. काकांनी बाटली उघडली. फक्त हुस्स.

सेठचा चेहरा पडला. "गॅस नहीं है इसमें. कल वाला अच्छा था. आवाजच नहीं."

एवढी वर्षं मी त्याच आवाजावर पोट भरलं होतं. बसस्टँडवर तो आवाज काढून लोक थांबवले होते. त्या क्षणी मला सेठच्या जागी स्वतःचंच जुनं तोंड दिसलं आणि माझा पारा चढला.

"सेठ," मी म्हणाले, "तुम कान से पीते क्या?"

काका खाली पाहून बर्फ भरत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. ग्लास तयार झाले, कंपनीचा आणि माझा. या वेळी काकांना काही सांगावं लागलं नाही, मीच सेठला म्हणाले, "अब बात करो. बिल्डिंग की, लायसन की, बाल-बच्चों की. मेरेकू जल्दी नहीं." तो बोलला. त्याच्या मुलीच्या शिक्षणापर्यंत बोलला. कंपनीच्या ग्लासातले बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. माझ्या ग्लासात ते तळापासून निघत राहिले, बर्फाला वळसे घालत, लिंबाच्या सालीला लागत. सेठनं एक घोट घेतला. मग दुसरा. मग कंपनीचा ग्लास त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केला.

"सरे," तो म्हणाला. आणि पक्का व्यापारी होता तो. हरला की लगेच दुसरीकडून धरतो. बाटली उचलून त्यानं काचेवर बोट फिरवलं. बाटल्या करून घेताना मी काचेतच माझं नाव उमटवून घेतलं होतं. सासरचे म्हणाले होते देवाचं टाक, नाहीतर नवऱ्याचं. यंत्र मी फिरवते, नाव माझं टाकलं. सेठ म्हणाला, "एक काम करो अम्मा. इसके ऊपर हॉटेल का पट्टी चिपकाओ. बार में औरत का नाम अच्छा नहीं दिखता. लोगां हसते."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेव्हा आयुष्यात एकदाच काका सौद्यात माझ्या बाजूनं मध्ये बोलले.

"नाम रहेगा," ते म्हणाले. "नाम नहीं तो कार्ड भी नहीं. मैं जाता हूँ."

"अरे साब, आप क्यों नाराज होते? आपका नाम तो कार्ड पे बडा लिखेंगे."

"मेरा काम मेरे घरवाले मुँह से नहीं बोलते," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "कहते हैं मॅनेजर था. इतने साल मैं सुनता हूँ और गलत बोलनेवालों के घर खाना खाता हूँ. ये बाई अपना काम काच में लिखती है. उसपे पट्टी लगाके बोतल मैं नहीं खोलूँगा."

सेठनं बाटली खाली ठेवली, नाव आपल्याकडे येईल अशी. मग त्यानं टॉवेलनं हात पुसला आणि माझ्यापुढे केला. "चलो अम्मा. नाम रहेगा. हाथ मिलाओ, रेट बोलो, खतम करते."

तेवढ्यात काकांनी आणखी एक ग्लास उचलला. काठोकाठ बर्फ. माझा आल्याचा पाक, माझा सोडा, लिंबाची साल. व्हिस्की नाही, कारण मी घेत नाही हे त्यांना माहीत होतं. चमचा एकदा तळापर्यंत नेऊन वर आणला. नवा रुमाल घडी करून माझ्यासमोर अंथरला, त्यावर ग्लास ठेवला आणि म्हणाले, "मॅडम."

मला बाई सोडून दुसरं काही ते कधी म्हणाले नव्हते.

सेठचा हात अजून पुढेच होता. मी स्टूल ओढलं, नीट बसले, पदर सावरला.

"रुको सेठ," मी म्हणाले. "पहले मैं पीती."

आणि प्याले. आलं जिभेवर चढलं, मग लिंबू, मग तो गारवा. सेठनं हात खाली घेतला, खुर्ची शोधली आणि बसला. त्याचा माणूस दोनदा दारातून डोकावून गेला. मी घाई केली नाही. ग्लास उंच होता आणि बुडबुडे अजून वर येत होते.